सीओपीडी घरी सांभाळायचा तर आधी म्हणा, इन्हेलर घेऊन दाखवा

सीओपीडी म्हणजे धाप लागणारा, फुफ्फुसांचा कायमचा आजार. त्यात पंप, म्हणजे इन्हेलर, हा शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, असं सांगणारा एक तरी शहाणा प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे ते मामेसासरे होते. त्यांच्या नादानं बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन वर्षं नुसत्या गोळ्यांवर काढली. हात थरथरायचे, छाती धडधडायची, रात्रभर झोप नाही आणि धाप तिथल्या तिथंच. तर तो हिशोब आधी करून टाकू. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची येते आणि पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत ४० दाबांचं औषध, तेही पोटातून रक्तात आणि अख्ख्या अंगभर फिरून मग छातीत. राहिली सवयीची गोष्ट. आजार जाणारा नाही म्हणून औषध रोज लागतं, एवढंच. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही.

मी डॉक्टर नाही. ११ वर्षं झाली बाबांचं हे करून राहिले, मध्ये माझ्या आईचंही निघालं, आणि आता आमच्या लेआउटमध्ये कोणाला नवीन पंप मिळाला की तो डबी घेऊन आमच्याच दारात येतो. औषध कोणतं आणि किती, ते तुमचे छातीचे डॉक्टर ठरवतील. ते घरी कसं निभवायचं तेवढं इथं सांगते.

आजार समजून घ्या, दोन मिनिटं लागतात. लोकांना वाटतं श्वास आत जात नाही. खरी अडचण उलटी आहे, आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांच्या भिंती धुरानं खराब होतात, जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक जसं सैल पडतं तसे ते सैल पडतात, वरून नळ्या सुजलेल्या आणि कफानं भरलेल्या. आधीची हवा तुंबून असल्यावर नवीन जाणार कुठं? हे डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप समजतं.

निदान पीएफटीवर करा. मशीनमध्ये फुंकायची टेस्ट असते, स्पायरोमेट्री म्हणतात. औषध देऊन परत फुंकल्यावरही पहिल्या सेकंदात निघालेली हवा आणि एकूण निघालेली हवा यांचं प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं तर सीओपीडी. नुसत्या एक्स-रेवर 'दमा आहे' ऐकून घरी येऊ नका, अस्थमा वेगळा, हा वेगळा, आणि दोघांची औषधं एका मापानं चालत नाहीत. बिडी ओढत नाही म्हणजे होणार नाही असंही नाही. माझ्या आईनं आयुष्यात बिडीला हात लावला नाही, काटोलकडच्या खेड्यात ३० वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळून. डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीचाच विचारला.

बिडी-सिगारेट बंद. कमी नाही, बंद. यावर चर्चा करायची नाही.

आता इन्हेलर. याच पायरीवर आम्ही आठ महिने घालवले, दोनदा ॲडमिट झालो, म्हणून सगळं सांगते.

बाबांना दोन वस्तू मिळाल्या होत्या. एक पंप, दाबला की फवारा येतो तो. दुसरा रोटाहेलर, ज्यात कॅप्सूल टाकून तिची पावडर ओढायची असते. मेडिकलच्या दुकानातल्या पोरानं काउंटरवरून सांगितलं, "काही नाही काका, दाबायचं न् ओढायचं." झालं शिक्षण. आम्ही घरचे रोज विचारायचो, "बाबा, घेतला का?" आणि बाबा म्हणायचे, "घेतला ना सकाळीच." घेतही होते बिचारे. धाप मात्र वाढतच गेली, डोस वाढला, कंपनी बदलली, मग आम्ही डॉक्टर बदलले. दुसऱ्या ॲडमिशनच्या वेळी रात्रीच्या ड्युटीवर एक शिकाऊ पोरगी होती, तिनं फाईल उघडायच्या आधी म्हटलं, "आजोबा, कसं घेता ते दाखवा बरं मला." बाबांनी रोटाहेलर तोंडाला लावला आणि आधी त्यातच जोरात फुंकर मारली. पावडर बाहेर. मग पंप घेतला, दाबला, आणि फवारा नाकाखालून ढगासारखा वर गेला, मला तो दिसला. आठ महिने आम्ही 'घेतला का' विचारत होतो, 'दाखवा' एकदाही म्हटलं नाही.

तर पहिला नियम हाच. कोणाला किती वर्षांचा अनुभव असो, घेऊन दाखवायला लावा, महिन्यातून एकदा तरी. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला तर अजून चांगलं.

पंपाचं असं आहे. त्याचा श्वास हळू पाहिजे. झाकण काढा (हसू नका, झाकणासकट दाबणारे पाहिले आहेत), पंप चार-पाच वेळा नीट हलवा, नवीन असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-चार दाब हवेत सोडा. मग छातीतली हवा जमेल तेवढी बाहेर काढा, पंपापासून तोंड बाजूला करून. ओठ घट्ट मिटा, श्वास हळूहळू आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात होताच दाबा, ओढणं मात्र थांबवू नका, चार-पाच सेकंद लांबवा. तोंड मिटून दहापर्यंत आकडे मोजा, दहा नाही जमले तर सहा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटानं, परत हलवून. लोक दोन दाब लागोपाठ मारतात, धडाधड, आणि वाटतं काम झालं.

दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमणं ही साठीच्या पुढच्या माणसाला सर्कस आहे, माझं स्पष्ट मत आहे की स्पेसरशिवाय पंप वापरूच नये. स्पेसर म्हणजे ती प्लॅस्टिकची फुगीर नळी, फवारा आधी तिच्यात थांबतो, मग आरामात ओढता येतो, औषध घशावर आदळून वाया जात नाही. थेट घेतलं तर चांगल्या हातानं घेऊनही शंभरातलं दहा-वीसच खाली फुफ्फुसात उतरतं असं म्हणतात, मग चुकीच्या हातानं किती जात असेल? एका वेळी एकच दाब मारायचा. एक लांब श्वास जमत नसेल तर झडपवाल्या स्पेसरमधून चार-पाच साधे श्वास घेतले तरी चालते. आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात धुवा आणि तसाच निथळत ठेवा, पुसू नका. फडक्यानं पुसलं की प्लॅस्टिकला करंट धरतो, आणि औषध भिंतीलाच चिकटून बसते. मी पहिले सहा महिने मऊ सुती फडक्यानं पुसून ठेवत होते, स्वच्छता म्हणून.

रोटाहेलरचं बरोब्बर उलटं. इथं श्वास जोरात आणि झटक्यात पाहिजे, कारण पावडर ओढणाऱ्याच्या जोरावरच उडते, आत गॅस वगैरे काही नसतो. हलवायचा नाही. कॅप्सूल टाकून फिरवा, श्वास बाहेर सोडा पण मशीनमध्ये चुकूनही नाही, तोंडाची वाफ लागली की पावडरचे गोळे होतात. ओठ मिटा, एका दमात जोरात ओढा, दहा आकडे थांबा. मग उघडून पाहा, पावडर उरली असेल तर परत ओढा. मशीनं आता वेगवेगळी येतात, डबीतला कागद वाचा. आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते, हे लिहावं लागून राहिलं कारण आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू तीन आठवडे जेवणानंतर गिळत होत्या.

आता यातली खरी गोम पाहा. एकाच माणसाला सकाळी पंप हळू ओढायचा आणि लगेच रोटाहेलर जोरात. डोकं गोंधळतंच, बाबांचं गोंधळलंच होतं. मी पंपावर लाल पेननं 'हळू' आणि रोटाहेलरवर 'जोरात' लिहून चिकटपट्टी लावली, ती आजही आहे. आणि जोर कमी पडत असेल, ओढल्यावर प्रत्येक वेळी अर्धी पावडर उरत असेल, तर माणसावर ओरडू नका, डॉक्टरांना सांगा, ते सगळं पंप-स्पेसरवर नाही तर नेब्युलायझरवर, म्हणजे औषधाची वाफ करून देणाऱ्या मशीनवर, आणतात. बाबांचा रोटाहेलर आता फक्त एका औषधापुरता राहिला.

स्टेरॉइडवालं इन्हेलर असेल तर नंतर खळखळून चूळ भरून थुंका, नाही तर जिभेवर पांढरा थर येतो. रोजचं औषध आणि धाप लागल्यावरचं औषध वेगवेगळं असते, रोजचं घेतलं की त्या क्षणी काही वाटेलच असं नाही, म्हणून लोक तेच सोडतात आणि धापेचंच दाबत बसतात.

आपल्या नागपूरचं एक वेगळंच. मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर तर विचारूच नका, पंप गाडीच्या डिक्कीत किंवा कारच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका, तो दाबाखाली भरलेला डबा आहे आणि बाहेर ४५ डिग्री. पावसाळ्यात कॅप्सूल मोरीजवळच्या फळीवर ठेवू नका, ओल धरते. आणि मार्चमध्ये कूलर काढला की जुनं गवत फेका, टाकी घासा, आणि पहिला अर्धा तास पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवून मग चालू करा. एका वर्षी मी हे केलं नाही, त्या कुबट वासाच्या हवेनं बाबांचा खोकला आठ दिवस थांबला नव्हता. बडग्या-मारबतीला, म्हणजे पोळ्यानंतर पुतळ्यांची मिरवणूक काढून ते जाळतात तेव्हा, 'खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' ओरडायला त्यांना फार आवडते, मिरवणूक गच्चीवरून पाहतात, जाळायच्या वेळी मात्र मी खिडक्या लावून घेते. दिवाळीतही तेच. मच्छर कॉइल घरातून हद्दपार.

धाप लागली की श्वास सोडायला शिकवा, ओढायला नाही. समोर वाकून हात टेबलावर टेकायचे, नाकानं दोन आकडे आत, आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार आकडे बाहेर. जिना चढताना पाऊल टाकायच्या वेळी सोडा. वारं घाला, खिडकी उघडा, आणि भोवती गर्दी करून "लंबा श्वास घ्या, लंबा श्वास घ्या" म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा करायला पाठवा.

चालणं रोज. धाप लागते म्हणून बसून राहिलं की पायाची ताकद जाते आणि मग संडासपर्यंत जायलाही धाप लागते. बाबा मैदानात तीन चकरा मारतात, दर चकरीला बाकावर टेकून. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा, कारण पोट तट्ट भरलं की फुफ्फुसाला खाली उतरायला जागा राहत नाही. सावजी चालते का हे मला विचारू नका, बाबा खातात.

ऑक्सिजनबद्दल एकच, पण कान देऊन ऐका. ऑक्सिमीटरवर ९८ दिसलेच पाहिजेत हे कोविडमधलं वेड या आजारात धोक्याचं आहे. ऑक्सिजन देताना सीओपीडीवाल्याला साधारण ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात, कारण जास्त दिला तर काही जणांत कार्बन डायऑक्साइड साचतो. ओळखीतल्या एकाच्या पोरानं प्रेमानंच कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे घरच्या ऑक्सिजन मशीनची, किती लिटर ते दाखवणारी गोळी वर चढवली, आणि वडील "किती शांत झोपले" म्हणून घरचे खूश. ती झोप नव्हती, आयसीयूत न्यावं लागलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या लिटरला हात लावू नका. घरी कायमचा लावायला सांगितला असेल तर दिवसातून १५ तास तरी लागतो, एखादा तास लावून उपयोग नाही, आणि त्या खोलीत दिवा, अगरबत्ती, बिडी काहीच पेटवायचं नाही.

बेडक्याचा रंग रोज पाहा, किळस वाटली तरी. पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, कफ वाढला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागू लागली, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ओठ-नखं निळी पडली, एक वाक्य पुरं बोलता येईना, माणूस गुंगीत जायला लागला की बरळायला लागला, तर फोनही नाही, सरळ १०८.

पंप संपला का हे पाहायला तो पाण्यात तरंगवू नका, त्यानं काही कळत नाही. डोस मोजायचा काटा असेल तर तो पाहा, नाही तर डबीवर किती दाब लिहिले आहेत ते भागून संपायची तारीख कॅलेंडरवर टाका. आणि पुढच्या तपासणीला फाईलसोबत सगळी मशीनं न्या. बाबांची कापडी पिशवी दारामागच्या खिळ्यावर तयार टांगलेली असते, पंप, स्पेसर, रोटाहेलर, थुंकायला डबी, आणि चूळ भरल्यावर तोंड बेचव लागते म्हणून संत्र्याच्या चार गोळ्या. त्या गोळ्या मी मोजून ठेवते, तरी दवाखान्यात पोचेपर्यंत दोनच उरतात.