जज्जला मत देण्याआधी त्याचा जमाखर्च कसा बघावा

न्यायाधीश निवडून येतो, हेच आपल्यासारख्या भारतातून आलेल्यांच्या आधी पचनी पडत नाही. इथे विस्कॉन्सिनमध्ये मात्र सुप्रीम कोर्टाचा जज्ज मतदानाने 10 वर्षांसाठी बसतो. नव्याने सिटिझन झालेली मंडळी विचारतात, मत द्यायचं कशावरून? मी पडले अकाउंटंट. भाषणं राहू द्या, हिशेब बघा.

टपालाने आलेलं चकचकीत पत्रक लगेच रद्दीत टाकू नका. तळाच्या बारीक ओळीत 'पेड फॉर बाय'पुढे उमेदवाराची समिती आहे की बाहेरचा गट, ते वाचा. गोंडस नावांना भुलू नका.

मग राज्याच्या एथिक्स कमिशनच्या साइटवर उमेदवाराची देणगीदार यादी काढा. एका माणसाला उमेदवाराला थेट जास्तीत जास्त 20,000 डॉलर देता येतात, त्यामुळे यादी फार सोज्वळ दिसते. तिथे थांबलात तर फसलात! पक्षाला कितीही देता येतात आणि पक्ष ते उमेदवाराकडे कितीही वळवू शकतो. 2015 च्या कायद्याने सोपा करून दिलेला हा द्राविडी प्राणायाम. म्हणून उमेदवाराच्या जमेत पक्षाकडून मोठी रक्कम दिसली, की त्याच सुमाराची पक्षाची जमा उघडा. 2025 मध्ये याच कोर्टाच्या एका जागेची निवडणूक झाली, तेव्हा अब्जाधीश सोरोस आणि प्रिट्झकर यांचे पैसे डेमोक्रॅटिक पक्षाकडे, टेस्लावाल्या मस्कचे रिपब्लिकन पक्षाकडे गेलेले तिथेच सापडतात. (कुणी सोवळं नाही.)

बाहेरच्या गटांचा खर्च वेगळा शोधावा लागतो. त्या एका जागेसाठी सगळे मिळून सुमारे 10 कोटी डॉलर उडाले. त्यात मस्क आणि त्याच्या गटांचे 2 कोटींहून जास्त, आणि तरीही त्यांचा उमेदवार शिमेल पडला, समोरच्या क्रॉफर्ड निवडून आल्या.

आता खरा प्रश्न: देणाऱ्याचा खटला कोर्टात आहे का? मस्कच्या टेस्लाने त्याच वर्षी, 2025 च्या जानेवारीत शोरूमच्या परवान्यावरून विस्कॉन्सिनवर दावा लावला होता. वेस्ट व्हर्जिनियात 2004 ला कोळसा कंपनीच्या ब्लँकेनशिपने जज्ज बेंजामिनच्या निवडणुकीत 30 लाख डॉलर ओतले. पुढे कंपनीविरुद्धचा 5 कोटी डॉलरचा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टात 3-2 ने फिरला, त्या तिघांत बेंजामिन. 2009 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5-4 ने सांगितलं, बेंजामिननी त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं.

तेव्हा उमेदवार गावात सभेला आला, की विचारा: देणगीदाराचा खटला आला तर बाजूला व्हाल? 'नियमाप्रमाणे वागेन' म्हणाला, तर गप्प बसू नका. इथला 2010 चा नियम म्हणतो, नुसती देणगी हे बाजूला होण्याचं कारण नाही. नियम सोडून तुम्ही स्वतः काय कराल, ते विचारा.