श्टुटगार्टमध्ये नवा संसार: हात कुठे आखडायचा आणि कुठे नाही

आमच्या जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या पट्ट्यात पुण्याहून, चाकणहून, नाशिकहून सतत कुणी ना कुणी येत असतं. कुणी झिंडेलफिंगनच्या मर्सिडीजमध्ये, कुणी बॉशमध्ये, कुणी त्यांना सुटे भाग किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत. आधी एक जण येतो, तीन-चार महिन्यांनी बाकीचं कुटुंब येतं, आणि मग फोन येतो, "ताई, महिन्याचा घरखर्च किती धरायचा?"

मी लगेच आकडा सांगत नाही. आधी एवढंच सांगते की इथे पैसा भाजीत जात नाही, सह्यांत जातो. घराचा करार, वीज, इंटरनेट, आरोग्य विमा. पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही कशाकशावर सही केलीत, यावर पुढच्या दोन-तीन वर्षांचा खर्च ठरतो. नवी मंडळी नेमकं उलट करतात. कोथिंबिरीच्या जुडीपुढे पाच मिनिटं विचार करतात आणि चोवीस महिन्यांचा करार दुकानात उभ्या उभ्या करून मोकळे होतात.

याच्या मुळाशी शंभराने गुणण्याची सवय आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास असल्यामुळे गुणाकार फार सोपा झालाय. पण तुमचा पगार युरोत आहे आणि खर्चही युरोतच आहे. गावी कर्जाचा हप्ता किंवा आईवडिलांना पैसे पाठवताना रुपयांत जरूर मोजा. दुधाची पिशवी घेताना मोजू नका, आणि मुलांसमोर तर मुळीच मोजू नका. बेकरीत पोराने ब्रेत्सेल मागितला आणि बाबा म्हणाले, "शंभर रुपयांचा पाव?" असं चार वेळा झालं की ते पोर मागणंच सोडून देतं. वर्गातली मुलं खात असतात आणि हे बाजूला उभं राहतं. एवढ्याशा वयात त्याच्यावर पैशाचं ओझं टाकायचं काहीही कारण नाही.

आता घर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतं ते बहुतेकदा काल्टमीटे, म्हणजे नुसतं भाडं. त्यावर नेबेनकोस्टन येतात: पाणी, कचरा, जिन्याची सफाई, बहुतेक ठिकाणी हीटिंग. दोन्ही मिळून वार्ममीटे होते आणि तुमचं अंदाजपत्रक त्या आकड्यावर बसवायचं. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. शिवाय नेबेनकोस्टन ही फक्त उचल असते. वर्षाचा हिशोब नंतर होतो आणि तो पाठवायला घरमालकाला हिशोबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. म्हणजे या हिवाळ्यात वापरलेल्या उष्णतेचं बिल पुढच्या वर्षी, कधीकधी त्याहीनंतर दारात येतं. काही घरमालक भाडं कमी दिसावं म्हणून उचल मुद्दाम कमी ठेवतात. म्हणून सही करण्याआधी मागच्या वर्षीचा हिशोब मागा. न दिल्यास निदान तुम्हाला अंदाज येईल. आणि पहिल्या वर्षी महिन्याला थोडी रक्कम त्या बिलासाठी वेगळी टाका.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, त्याहून अधिक मागणं कायद्यात बसत नाही. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्कही भाडेकरूला आहे. नव्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात तिकिटं, भाडं, फर्निचर हे सगळं एकदम येतं, तेव्हा हा हक्क फार कामाचा असतो, आणि तो आहे हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घर ताब्यात घेताना प्रत्येक खोलीचे, जुन्या डागांचे आणि सगळ्या मीटरांचे फोटो काढा आणि आकडे ताबापत्रात लिहून घ्या.

घरात स्वयंपाकघर नसेल, म्हणजे नुसत्या भिंती आणि नळाची जागा असेल, तर घाबरू नका, इथे ते नेहमीचंच आहे. जुना भाडेकरू आपले ओटे-कपाटं विकून जायला तयार असतो. घासाघीस करायची, त्याला तसाही सगळं उचकटून नेण्याचा कंटाळा असतो. बाकीचं सामान क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर मिळतं. आणि आमच्या श्वाबन भागाची खास गोष्ट म्हणजे केरवोखं. आठवड्याच्या पाळीने जिना आणि अंगण झाडायचं. पाळी तुमची असेल तर करा. तुम्ही केली नाहीत आणि मालकाने माणूस लावला, तर शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात आणि खर्चावरून वादही होतात.

हीटिंगबद्दल सविस्तर सांगते, कारण मराठी घरांत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रेडिएटरच्या कळीवर एक ते पाच आकडे असतात. तीनवर खोली साधारण वीस अंशांवर राहते. पाचवर ठेवली म्हणून खोली लवकर तापत नाही, ती फक्त जास्त तापते. आपल्या घरात दिवसभर वाफ असते. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, चहा आणि हिवाळ्यात बैठकीत स्टँडवर वाळत घातलेले कपडे. ही वाफ थंड बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः कपाटामागच्या कोपऱ्यात, जाऊन बसते. नोव्हेंबरात तिथे बारीक काळे ठिपके दिसतात आणि जानेवारीत बुरशीचा हातभर पट्टा. मग घरमालक म्हणतो दोष भाडेकरूचा, आणि अनामत अडकते. यावर उपाय फुकट आहे. दिवसातून तीन-चार वेळा, आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच, रेडिएटर बंद करून खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडायच्या, मग बंद करून पुन्हा चालू करायचं. खिडकी नुसती तिरकी करून तासन्‌तास ठेवली तर भिंती गार पडतात आणि पैसा बाहेर जातो. बाहेरच्या भिंतीपासून कपाट दहा सेंटीमीटर पुढे ओढा. गारठ्यात कुडकुडत राहू नका, पण बाळाच्या खोलीत पाचवर ठेवून रात्रभर भट्टीही करू नका.

विजेचं असं होतं की घरात राहायला गेलात आणि दिवा लावलात की तुम्ही आपोआप मूळ पुरवठादाराचे ग्राहक होता. तो दर सहसा महाग असतो. पण त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीने केव्हाही बाहेर पडता येतं. चेक२४ किंवा फेरिफॉक्स या दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर पिनकोड आणि अंदाजे युनिटं टाकून दुसरा शोधा. पहिल्या वर्षाच्या बोनसमुळे दर स्वस्त दिसतो, त्यामुळे वर्ष संपण्याआधी पुन्हा बघायची आठवण फोनमध्ये लावा. इंटरनेट आणि मोबाइलचे करार चोवीस महिन्यांचे असू शकतात. किमान मुदत संपल्यावर मात्र एका महिन्याच्या नोटिशीने सुटता येतं. ऑनलाइन केलेला करार चौदा दिवसांत रद्द करता येतो, दुकानात केलेला सहसा येत नाही. सुरुवातीला प्रीपेड सिम पुरतं.

रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावं लागतं. ती फसवणूक नाही, पत्र फेकू नका. ते घरामागे एकदाच असतं, माणशी नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाने वेगवेगळी पत्रं आली तर एकाचा क्रमांक कळवून दुसरं बंद करा.

आरोग्य विम्यावर मी हट्टाने बोलते. पगार एका मर्यादेच्या वर असला की एजंट मागे लागतात आणि खासगी विमा किती स्वस्त ते दाखवतात. एकट्या तरुण माणसाला तो स्वस्त असतोही. पण सरकारी पद्धतीच्या विम्यात, म्हणजे टेकनिकर, आओके, बार्मर यांसारख्या संस्थांत, न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. परत सरकारीत येणं अवघड, आणि पंचावन्न वर्षांनंतर जवळपास अशक्य. बायको-मुलं मागून येणार असतील तर सही करण्याआधी चार जणांचा हिशोब मांडा, एकाचा नाही. दुसरा विमा जो प्रत्येक घरात हवाच तो हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर. इमारतीची किल्ली हरवली, तरी सगळी कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. किल्लीचं नुकसान त्यात धरलंय का तेवढं घेतानाच बघा. वर्षाच्या हप्त्याच्या मानाने आधार मोठा आहे. बाकी एजंट आणखी पाच-सहा विमे सुचवतील, ते पहिल्या वर्षी थांबू शकतात.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेत नोंदणी. त्यावर कर क्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला न मिळाल्यास पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जड, कर कापतात. जोडीदार इथे येऊन नोंदणी झाली आणि एकच जण कमावत असेल तर करवर्ग तीन आणि पाच असे मागून घ्या, हातात दरमहा बरीच जास्त रक्कम येते. त्यानंतर वार्षिक विवरण भरणं बंधनकारक होतं, ते लक्षात ठेवा. मुलांसाठी किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता मिळतो, २०२५ साली मुलामागे महिन्याला २५५ युरो, २०२६ पासून २५९. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, आलेल्यांना त्याचा हक्क आहे. अर्ज फामिलिएनकासेकडे, म्हणजे या भत्त्याच्या कार्यालयाकडे करायचा, आणि मागचे पैसे सहाच महिन्यांचे मिळतात. "सावकाश करू" म्हणून वर्षभर राहिलेली घरं मी पाहिली आहेत, दोन मुलांचे सहा महिने म्हणजे तीन हजार युरोंवर पाणी. हा अर्ज पहिल्या महिन्यात.

आता खाण्यापिण्याकडे या, आणि इथे जरा मोकळा श्वास घ्या. आल्डी, लिडल या सुपरमार्केटांतलं दूध, अंडी, भाज्या पगाराच्या मानाने महाग नाहीत. कोथिंबीर, भेंडी, छोटी वांगी, काबुली चणे तुर्की दुकानात घ्या, जुडी मोठी मिळते. भारतीय दुकानात महिन्यातून एकदा जाऊन कणीक, पोहे, तूरडाळ, गोडा मसाल्याचं सामान आणायचं. रवा तिथून आणायची गरज नाही. कुठल्याही सुपरमार्केटात वाइत्सनग्रीस मिळतो, उपमा आणि शिरा छान होतो. बिनमिठाचं लोणी आणून तूप घरी कढवा. आणि श्रीखंड! स्पाइझक्वार्क, म्हणजे घट्ट दह्यासारखं ताजं चीज, डब्यावर ४० टक्के स्निग्धता लिहिलेलं आणा, अर्ध्या किलोचा डबा. फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर रात्रभर ठेवा, चक्का तयार. पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा, वेलदोडा आणि कोमट दुधात भिजवलेलं केशर घाला. गुढीपाडव्याला चार घरांना पुरेल एवढं श्रीखंड दहा युरोंच्या आत होतं आणि चवीला कुठे कमी पडत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी यादी करून एकदाच बाजार करा. रविवारी स्टेशनवरच्या दुकानात धावणं हाच खाण्यातला खरा महाग प्रकार. नळाचं पाणी पिण्याचं आहे, पाण्याच्या बाटल्या वाहून आणू नका. इतर पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २५ सेंट अनामत असते, त्या दुकानातल्या यंत्रात परत टाका. मुलांना ते काम फार आवडतं, पावतीचे पैसे त्यांचेच ठेवा.

मुलांचे हिवाळी कपडे नवे घेऊ नका. बर्फाचा सूट, चिखलातली पँट, गमबूट हे सगळं एका मोसमात तोकडं होतं. वसंतात आणि शरदात बालवाड्या आणि चर्चच्या सभागृहांत मुलांच्या जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. सगळे जर्मन पालक तिथे घेतात, यात कमीपणा काही नाही. बूट मात्र नवे आणि चांगले घ्या. खासगी क्लासआधी गावातला खेळाचा फेराइन, म्हणजे क्लब बघा, वर्षाच्या थोड्या वर्गणीत आठवड्याला जिम्नॅस्टिक्स किंवा फुटबॉल होतो आणि भाषाही येते. वाचनालय विसरू नका. माइलेंडर प्लात्सवरचं २०११ साली उघडलेलं शहराचं मोठं पांढरं वाचनालय पावसाळी शनिवारसाठी उत्तम जागा आहे, मुलांना कार्ड फुकट मिळतं.

एक गोष्ट कापू नका, ती म्हणजे घरी असलेल्या जोडीदाराची जर्मन भाषा. फोल्क्सहोखशूले या प्रौढ शिक्षण केंद्राचे वर्ग बघा, किंवा सरकारी अनुदानाचा इंटेग्रात्सिऑन्सकुर्स, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचा भाषेचा आणि देशाच्या ओळखीचा वर्ग, मिळतो का, ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा. खातं दोघांचं ठेवा, कार्ड दोघांकडे, आणि आलेली पत्रं दोघांनी बसून वाचायची. सगळे कागद एकालाच कळत असतील तर दुसरा माणूस घरातच परका होतो. खर्च आटोक्यात ठेवायचं काम एकट्याने होत नाही.

भारतात जायचं तिकीट हा वर्षाचा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च, आणि त्याचा संबंध मुलांच्या शाळेशी आहे. पहिलीपासून शाळेची हजेरी सक्तीची असते. सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन निघालात तर दंड होऊ शकतो, आणि काही विमानतळांवर पोलीस विचारतातही. म्हणजे मग प्रवास सुट्टीतच आणि सुट्टीच्याच महागड्या दराने. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. काही वर्षी गणपती त्यात सापडतात, काही वर्षी हुकतात, तेव्हा पुढच्या वर्षीच्या चतुर्थीची तारीख आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवून डिसेंबर-जानेवारीतच तिकिटं बघायला लागा. मूल अजून बालवाडीत असेल तर ही दोन-तीन वर्षं दवडू नका. नोव्हेंबरात दिवाळी संपल्यावर किंवा जानेवारीच्या शेवटी दर उतरलेले असतात, महिनाभर आजी-आजोबांकडे राहून या.