आजीला प्रश्न विचारू नका, तिच्यासमोर चीक हाटायला घ्या

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडे आजीचं एकच रेकॉर्डिंग होतं, तेही बारा सेकंदांचं. मी मोठ्या तयारीनं बसलो होतो, वहीत वीस-बावीस प्रश्न काढलेले, फोन स्टँडला लावलेला, आणि पहिलाच प्रश्न टाकला, आजी तुझं लहानपण कसं होतं गं. ती म्हणाली, "कसलं आलंय लहानपण, काम करायचं न् गप जेवायचं." मग पदर सारखा केला आणि विचारलं, झालं का, बंद कर ते. संपला इंटरव्ह्यू.

आणि त्याच आजीनं त्या एप्रिलमध्ये अंगणात बसून सलग पाऊण तास बोलून दाखवलं, कुणी काही विचारलेलं नसताना. फरक एवढाच की तेव्हा कुरडया चालल्या होत्या.

म्हणून हे लिहितोय. बरेच जण म्हणतात, आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात पण ते काही बोलतच नाहीत, पोरं मोबाईलमध्ये, सगळे एकत्र आले तरी जेवण झालं की आपापल्या कोपऱ्यात. माझ्या मते आपण उलटीकडून सुरुवात करतो. आधी काम काढा, असं काम की ज्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कळतं आणि सगळ्यात लहान पोरालाही काहीतरी करता येतं. बोलणं आपोआप निघतं.

कुरडई यासाठी एक नंबर, कारण ती एकट्यानं होतच नाही आणि घाईतही होत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून चीक काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरचं पिवळट आंबूस पाणी अलगद ओतून टाकायचं, खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेवायचं, मीठ हिंग घालायचं, आणि मग एकानं धार सोडायची न् दुसऱ्यानं हाटायचं, हात थांबला की गुठळी झालीच. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, गार झाला की दाबला जात नाही, म्हणजे दाबायला ताकदीचा माणूस पाहिजे, तिथं आमचे वडील आणि चुलतभाऊ. पोरांना कावळे हाकलायची काठी आणि वाटीत गरम चीक, वर तेल न् तिखट, ज्याला तिखट नको त्याला दूध-साखर. आजी काहीच करत नाही, ती सावलीत बसून सगळ्यांच्या चुका काढते. तेच तिचं काम, आणि ते तिला द्याच. गुडघे दुखतात म्हणून तिला आत पंख्याखाली नेऊन बसवाल तर खेळ खलास.

त्या दिवशी काय झालं, तर आत्या सहज म्हणाली की यंदा गहू काय महाग झालाय. तेवढ्यावरून आजी बहात्तरच्या दुष्काळात गेली. म्हणाली गहू कुठला तवा, मिलो खाल्ला आम्ही, ती लाल ज्वारी, अमेरिकेतनं आलेली, भाकरी धड थापता यायची नाही. मग दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची ते सांगितलं, तिथं सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडं खाणं, मिळायची ते सांगितलं, आणि मग वडिलांकडे बोट करून म्हणाली, "ह्याला लिंबाला झोळी बांधून टाकायची, तीन वर्षांचं दांडगं पोर, झोळीत मावायचं न्हाई, पण खाली सोडलं तर खडी तोंडात घालायचा." वडील सोऱ्या दाबत होते ते थांबलेच. पंचावन्न वर्षांच्या माणसाला ही गोष्ट माहीत नव्हती! त्यांनी कधी विचारलं नाही आणि हिनं कधी सांगितलं नाही, एवढी वर्षं एकाच घरात राहून. सोऱ्यातला चीक गार झाला तो झालाच, आजीनं त्यावरूनही ऐकवलं.

हाताला आणि आठवणीला काहीतरी लागेबांधे आहेत हे जात्यावरच्या ओव्यांवरूनही कळतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्यातल्या बऱ्याच पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आहेत, आजीला एकदा ऐकवून बघा. माझ्या आजीला नुसतं म्हण म्हटलं तर दोन ओळींच्या पुढं काही येत नाही. घरातलं जातं आता तुळशीपाशी पालथं पडलंय. मी तिला मिक्सरचं झाकण धरून हात गोल फिरव म्हटलं, हसली, शिव्या घातल्या, पण फिरवला आणि चार ओव्या निघाल्या.

आता ज्यांच्याकडे अंगण नाही, कुरडया नाहीत, त्यांनी काय करायचं, तर काहीही चालतं. लसूण सोलणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, दिवाळीच्या करंज्या, जुन्या साड्यांची गोधडी. कोकणात आमसुलं आणि फणसाचे गरे आहेतच. आजोबा लोकांना बहुतेक स्वयंपाकघरात करमत नाही, त्यांच्यासोबत पत्ते खेळा, मेंढीकोट, किंवा सायकल खोलून बसा, किंवा सरळ एसटीनं त्यांच्या जुन्या गावाला चला आणि खिडकीची सीट त्यांना द्या. एकच बघा की समोरासमोर बसायचं नाही. शेजारी बसायचं, नजर कामावर. समोर बसलं की म्हाताऱ्या माणसाला बँकेत केवायसीला बसल्यासारखं वाटतं.

रेकॉर्डिंगचं थोडं सांगतो, कारण मी सगळ्या चुका करून बसलोय. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरे, व्हिडिओचा नाद नको, कॅमेरा दिसला की आजी आधी केस नीट करते आणि मग भाषणातलं बोलायला लागते. फोन फ्लाइट मोडवर टाका, माझं एक चांगलं रेकॉर्डिंग लोनवाल्या बाईच्या कॉलनं मधेच तुटलं. खाली टॉवेलची घडी ठेवा, नाहीतर ताटवाट्यांचा दणका येतो, आणि पंखा बंद किंवा लांब. आणि हो, फोन लपवून ठेवू नका, सांगून ठेवा की आजी मी हे टेप करतोय. पाच मिनिटांत ती विसरते, पण सांगितलेलं असलं की नंतर आपल्याला चोरी केल्यासारखं वाटत नाही. फाइलला त्याच दिवशी नाव द्या, तारीख, कोण, कशाबद्दल. माझ्याकडे "न्यू रेकॉर्डिंग ३७" अशा डझनभर फायली आहेत, कोणत्यात काय ते देव जाणे. एक कॉपी फोनमध्ये, एक ड्राइव्हवर, एक भावाकडे पेनड्राइव्हमध्ये.

विचारायचं झालंच तर "कसं होतं" असं विचारू नका, वस्तूचं विचारा. पाणी कुठनं आणायचीस. चूल कुठल्या भिंतीला होती. लग्नात वरात कशातनं आली. आणि माझी आवडती युक्ती म्हणजे मुद्दाम चुकीचं बोलायचं. मी म्हटलं, आजी तुझं माहेर तर लई मोठं वाड्याचं होतं ना, झालं, वाडा कसला दोन खणाचं घर, पुढं जनावरं न् मागं आम्ही, म्हणून सुरूच झाली.

तारखांच्या मागं लागू नका. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती ठोकून दिलेली. आमच्या वडिलांचीही दाखल्यावर १ जून १९६९. आजीचं म्हणणं वेगळं, कोयनेच्या भूकंपानं पहाटे भांडी वाजली त्यानंतरच्या दुसऱ्या पोळ्याला हा झाला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे दुसरा पोळा १९६९ चा, पंचांग बघितलं तर सप्टेंबर निघाला. वडील म्हणाले चला, तीन महिने उशिरा रिटायर झालो असतो. अशा खुणा हाताशी ठेवा: पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, दुष्काळ बहात्तरचा, गिरणी संप जानेवारी १९८२ पासून, इंदिरा गांधी गेल्या ऑक्टोबर १९८४, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. "त्याच्या आधी का नंतर" एवढंच विचारायचं, बाकीचं ते स्वतः जुळवतात.

नावांसाठी मात्र कागद बघावे लागतात. जमिनीच्या नोंदींचे जुने फेरफार काढा, माणूस वारल्यावर वारसांची नोंद होते त्यात बऱ्याचदा लेकींचीही नावं सापडतात, जी घरातल्या वंशावळीत कुणी लिहिलेली नसतात. आमच्या पणजोबांना एक बहीण होती हे असंच कळलं. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे कुळाच्या नामावळीच्या चोपड्या असतात, आपलं मूळ गाव आणि आडनाव सांगायचं, नशीब असेल तर पणज्याची सही बघायला मिळते. जुनं मोडी लिपीत असतं, वाचता येणारा माणूस सोबत असला तर बरं.

जुन्या फोटोंचं काम मी पोरांना दिलं. व्हरांड्यात सावलीच्या उजेडात फोटो सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, वरनं सरळ फोटो काढायचा. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा पुढं वळ उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधनं फोटो ओढून काढू नका, फाटतात, पानासकटच मोबाईलनं टिपून घ्या. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरे चिखल होतात.

लांब असलेल्यांना नुसतं बघायला बसवू नका. चुलतबहीण न्यू जर्सीला असते, आपले सकाळचे आठ म्हणजे तिकडं रात्रीचे साडेदहा, तिला सांगितलं तूही लसूण सोलत बस. पहिल्यांदा हसली, पण नुसत्या "कशी आहेस, बरी आहे" पेक्षा खूप जास्त बोलणं झालं.

एक गोष्ट जपा. बोलता बोलता वाटणीचं निघतं, कोण कुणाशी किती वर्षं बोलत नव्हतं ते निघतं, गेलेल्या लेकराचं निघतं. तिथं रेकॉर्डर बंद करायचा, नुसतं ऐकायचं. आणि फॅमिली ग्रुपवर काहीही टाकायच्या आधी तिला विचारायचं. मी एकदा न विचारता टाकलं, काकूला एक वाक्य लागलं, तिनं दोन महिने फोन उचलला नाही, आणि चूक माझीच होती.

यंदा करणार असाल तर सगळ्यांना आधी वार कळवा. रविवारी कुरडया पाहिजेत तर गहू बुधवारी रात्री भिजत पडले पाहिजेत, शनिवारी वाटण, रविवारी पहाटे चूल. रोज पाणी बदलायला विसरू नका, वास मारतो. आमच्याकडे ते मी करतो, पण बुधवारी नऊच्या सुमाराला आजीचा फोन येतोच, भिजवले का म्हणून.