उलंगवाडी झाली की दिगलीपूर: विदर्भातल्या खेड्यातून उत्तर अंदमान कसं गाठावं

अंदमानच्या उत्तर टोकाला असलेलं दिगलीपूर अजूनही भातशेती, सुपारी आणि मासेमारीवर चालतं. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळापासून रस्त्याने जवळजवळ ३०० किलोमीटर, म्हणजे बसचा आख्खा दिवस. गर्दी स्वराज द्वीपाहूनच (जुनं हॅवलॉक) परत फिरते ती या अंतरामुळे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या माणसाला मात्र लांबच्या प्रवासाचं भय नसतं. आपली सहल फसते ती रेल्वे, विमान आणि बस यांच्या जोडणीत, म्हणून जास्त लक्ष तिथेच द्या.

आधी महिना ठरवा. अंदमानला दोन्ही मोसमी पाऊस पडतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, पुढे डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ईशान्येचा. जानेवारीअखेर ते मार्च हा काळ चांगला. तोवर तूर घरात आलेली असते, पऱ्हाटीची उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होत आलेली असते. हरभरा सोंगणीला आला असेल तर आधी तो उरका. एकूण ११ दिवस हाताशी हवेत आणि त्यातले दोन पूर्ण रिकामे ठेवा. हे दोन दिवस वाचवायला जाऊ नका.

पहिला टप्पा चेन्नई. नागपूर किंवा बल्लारशाहून तमिळनाडू एक्सप्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रल येतं. त्याच दिवशीचं विमान काढू नका. गाडी चार तास रखडली तर तिकिटाचे पैसे बुडाले. एक मुक्काम करा. सेंट्रलहून विमानतळापर्यंत थेट मेट्रो आहे. जहाजानेही जाता येतं, पण त्याला जवळपास तीन दिवस लागतात आणि सुटण्याच्या तारखा फार आधी कळत नाहीत. शेतीच्या वेळापत्रकात ते बसवणं कठीण. विमान सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरवतं. २०२४ पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, तिकिटावर दोन्हींपैकी कोणतंही दिसेल.

पाठीवरची बॅग ४० लिटरची, वजन आठ-नऊ किलोंच्या आत. सुती कपडे टाळा. तिथल्या दमट हवेत ते दोन दिवस वाळत नाहीत. पटकन वाळणारे तीन जोड पुरतात. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घ्याच. प्रवाळाने पाय कापला तर जखम लवकर चिघळते. डासांचं मलम, ओआरएसची दहा पाकिटं आणि मूळ आधार कार्ड सोबत हवं. ठेचा, लोणचं घट्ट बंद करून चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. आपल्याकडे ४५ अंश सोसणारी माणसंही तिथे ३० अंशांत गळून जातात, कारण घाम निघतो पण वाळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा.

पोर्ट ब्लेअरला पोचल्या दिवशीच सरकारी बसस्थानकावर जाऊन दुसऱ्या दिवसाची जागा पक्की करा. दिगलीपूरची बस पहाटे अंधारात सुटते. जिरकाटांगच्या नाक्यापुढे जारवा या आदिवासींचं राखीव जंगल आहे. तिथून वाहनं ठरलेल्या वेळीच ताफ्याने सोडतात आणि पहिला ताफा सकाळी सहाचा असतो. या पट्ट्यात थांबणं, जारवांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा गुन्हा आहे, तुरुंगवास होतो. मोबाइल खिशात ठेवा. ही माणसं त्यांच्या घरात आहेत, आपण फक्त वाटसरू. पुढे मिडल स्ट्रेटला बस फेरीबोटीवर चढते. मग बाराटांग, रंगत, मायाबंदर करत संध्याकाळी दिगलीपूर. घाटवळणं बरीच आहेत, त्यामुळे पुढची जागा मागा आणि सकाळी पोटभर खाऊ नका.

बाजारात साध्या लॉजच्या खोल्या मिळतात. समुद्राजवळ राहायचं तर सुमारे १८ किलोमीटरवर कालीपूर. एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, माणशी दहा-बारा हजार रोख जवळ ठेवा. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. घरात बांगला, बाजारात हिंदी चालते. जेवण मासे-भात. शाकाहाऱ्यांना वरण-भात आणि आलूची भाजी मिळते, भाकरी नाही. जवसाची चटणी सोबत असली की निभतं. फेब्रुवारीत साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणून सगळी कामं पहाटे सुरू करा.

रॉस आणि स्मिथ या जुळ्या बेटांना एरियल बेच्या जेट्टीवरून बोट जाते. परवाना तिथेच काढावा लागतो. दोन्ही बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून आदल्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून बोट ठरवा.

सॅडल पीक हे इथलं शिखर ७३२ मीटर. चिखलदरा याहून उंच, पण तिथे गाडी वर नेते. इथे समुद्रसपाटीपासून सगळी चढण पायी. वाट लामिया बेहून एका बाजूने साधारण आठ किलोमीटर, आधी किनाऱ्याने, मग दाट जंगलातून. वनखात्याचा परवाना आदल्या दिवशी काढा, सकाळी सहाला निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या. दुपारी बारापर्यंत माथा आला नाही तर मागे फिरा. संध्याकाळी जंगलात अंधार फार लवकर उतरतो.

कालीपूरला हिवाळ्यात रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. चार जातींची कासवं येणारा असा किनारा विरळाच. वनखात्याचा माणूस सोबत घ्या आणि बॅटरी लावू नका. उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच पाण्यात परत जाते. मोबाइलचा पडदासुद्धा झाका.

पोहण्याबद्दल नीट ऐका. विहिरीत, तलावात तरबेज असलेला माणूस समुद्रात तरबेज नसतो. ओहोटीचा ओढा आत खेचतो आणि विहिरीसारखा धरायला काठ नसतो. शिवाय उत्तर अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीचं तोंड, कांदळवन, गढूळ पाणी, पहाट आणि तिन्हीसांजेची वेळ टाळा. गावकरी ज्या पाण्यात उतरत नाहीत, तिथे आपणही उतरू नये.

परतीची बस दिगलीपूरला पोचल्या दिवशीच आरक्षित करा. विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधीच्या दिवशी पोर्ट ब्लेअर गाठा. राखून ठेवलेल्या रिकाम्या दिवसांपैकी एक इथे लागतो. फेरी बंद पडली किंवा ताफा चुकला, तरी विमान हातचं जात नाही. बॅग भरताना शंख आणि प्रवाळ किनाऱ्यावरच राहू द्या. विमानतळावर तपासणीत ते काढून घेतात आणि संरक्षित जातीचे निघाले तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदतात.