घोडा किंचित लंगडतो तेव्हा : कोकणात नव्याने रुजू होणाऱ्या पशुवैद्यकांसाठी

जो घोडा पाय टेकवतच नाही, त्याचे दुखणे शोधणे तुलनेने सोपे असते. खरा कस लागतो तो चालताना ठीक दिसणाऱ्या, पण दुडकीला लागला की कुठेतरी ठेका चुकवणाऱ्या घोड्यापाशी. लंगडण्याची तीव्रता ० ते ५ अशा श्रेणीत मांडण्याची पद्धत रूढ आहे; तीत हा घोडा पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत बसतो. अलिबाग, काशीद, मुरूड या किनाऱ्यांवर टांग्याचे व सवारीचे घोडे असले, तरी इथल्या दवाखान्यात रुजू झालेल्या पदवीधराचा बहुतेक दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो, आणि घोडा समोर आला की त्याचा हात आखडतो. अशांना माझ्या अनुभवातून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : पाय कोणता, हे नक्की होईपर्यंत कारणाचा विचार करू नये, आणि पाय नक्की झाला की तपासणी खुरापासून सुरू करून वर न्यावी.

मालकाला दोन प्रश्न आधी विचारावेत. नाल कधी मारली, आणि वेदनाशामक दिले आहे का? फेनिलब्युटाझोन पोटात गेलेला घोडा तपासायला घेतला, तर सौम्य लंगडणे झाकले जाते आणि आपण नसलेल्या गोष्टीचे निदान करू लागतो. त्यानंतर प्रश्न येतो जमिनीचा, आणि किनाऱ्यावर तो फार महत्त्वाचा आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत निरोगी घोडासुद्धा पाय ओढतो, तर ओली वाळू खुराला बसणारा हादरा कमी करते, त्यामुळे खुरातले दुखणे तिथे दिसत नाही. मालक कितीही म्हणाला की इथेच बघा, तरी घोडा सपाट काँक्रीटच्या रस्त्यावर न्यावा. याउलट मऊ जमिनीवर लंगडणे वाढत असेल, तर स्नायुबंध किंवा कंडरा यांचा संशय घ्यावा.

दुडकी चालवताना दोर सैल हवा. धरणाऱ्याने तोंडाजवळ घट्ट पकडले, तर डोक्याची हालचालच बंद होते आणि आपल्याला तीच पाहायची असते. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडतो तेव्हा घोडा डोके वर उचलतो, चांगला पाय पडतो तेव्हा ते खाली जाते. डोळ्यांइतकाच कानांचाही उपयोग करावा; चांगल्या पायाची टाप जड पडते. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करून घेतले, तर शंका पुष्कळदा तिथेच फिटते. मागच्या पायासाठी पाठीमागे उभे राहून पुठ्ठ्यांची हालचाल पाहावी. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. इथे नवख्याची फसगत होते. डावा मागचा पाय दुखत असेल, तर दुडकीत त्याच्याबरोबर उजवा पुढचा पाय पडतो. मागचा भार हलका करण्यासाठी घोडा त्याच क्षणी डोके खाली घालतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की डावा पुढचा पाय दुखतो आहे. म्हणून डोके हलताना दिसले, तरी मागची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याच्या फेऱ्या करणारी टांग्याची एक घोडी मी तपासली होती. “खांदा धरलाय डॉक्टर,” असे मालकाचे ठाम मत होते आणि खांद्याला तेल चोळून झाले होते. वाळूवर ती जवळजवळ ठीक दिसत होती. रस्त्यावर मात्र डाव्या पुढच्या पायाच्या प्रत्येक टापेला डोके किंचित उचलले जात होते. खुराच्या वर, फेटलॉकच्या (घोट्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या) मागच्या कडेला बोटे ठेवली, तर डावीकडची नाडी उजवीपेक्षा स्पष्ट उसळत होती. खूर दाबण्याच्या चिमट्याने तळवा कडेकडेने दाबत गेलो, तेव्हा आतल्या बाजूच्या एकाच खिळ्यापाशी ती दर वेळी पाय ओढून घेई. नाल आठवड्याभरापूर्वी मारलेली होती. खिळे एकेक करून उपटले. त्या जागचा खिळा टोकाला ओला आणि काळसर निघाला, त्याला वासही होता. खिळा जिव्हाळीच्या, म्हणजे खुराच्या आतल्या संवेदनशील भागाच्या, फार जवळ गेला होता. छिद्र मोकळे करून पू वाहू दिला, कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून खूर शेकला, बांधून ठेवला आणि धनुर्वाताची लस दिली. खुराच्या कोणत्याही जखमेत ही लस विसरू नये, कारण घोडा धनुर्वाताला अतिशय लवकर बळी पडतो.

पुढच्या पायांचे लंगडणे बहुतेक वेळा खुरातच असते. घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. खांद्यावर ठपका ठेवण्यापूर्वी म्हणूनच खूर पूर्ण तपासावा. पावसाळ्यात ओल्या तबेल्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या तळव्यामधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचा साफ करून पाहाव्यात. तिथे काळा, दुर्गंधीयुक्त स्राव मिळतो. जांभ्याच्या खडीवर चालणाऱ्या घोड्याच्या तळव्याला मुका मार लागतो. नाल काढून पातळ थर खरवडला की तो लालसर दिसतो.

खुरात काही सापडले नाही, तर सांधा मुडपून धरण्याची चाचणी करता येते, पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. सांधा सोडल्यावर निरोगी घोडेही काही पावले लंगडतात. चेतातंतू बधिर करण्याची चाचणी अधिक विश्वासाची आहे; भाग बधिर केल्यावर लंगडणे थांबले, तर दुखणे त्याच भागात असते. २ टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध, पायाच्या प्रत्येक बाजूस दीड ते दोन मिलिलिटर, सर्वांत खालच्या जागेपासून सुरुवात करून द्यावे, पाच-दहा मिनिटांनी टाचेची त्वचा बधिर झाली आहे का ते पेनाच्या टोकाने पाहावे आणि मगच घोडा पुन्हा चालवावा. लंगडणे फारच पुसट असेल, तर आधी कडक जमिनीवर वर्तुळात चालवून ते स्पष्ट करून घ्यावे, नाहीतर फरक कळणारच नाही. एक पाय बधिर होताच दुसरा लंगडू लागला, तर दुखणे दोन्ही पायांत आहे; असा घोडा मुळात नुसता आखूड पावले टाकताना दिसतो. हाड मोडल्याची शंका असल्यास ही चाचणी करू नये. क्ष-किरण चित्र जागा निश्चित झाल्यावरच काढावे.

शनिवार-रविवार जवळ आला की मालक इंजेक्शन मागतो, आणि त्याच्या घरची चूल त्या घोड्यावर चालते हे खरे असते. तरीही दुखणे झाकून घोडा टांग्याला जुंपू देऊ नये. कारण दाखवावे, उपटलेला खिळा त्याच्या हातात द्यावा, नालबंदालाही बोलावून घ्यावे आणि त्याच्यावर आवाज न चढवता पुढची नाल कुठे मोकळी ठेवायची ते त्याच्याशी ठरवावे. नवी नाल बसल्यावर घोडा त्याच रस्त्यावर, त्याच माणसाच्या हाती, पुन्हा दुडकी चालवून पाहावा. डोके दोन्ही बाजूंना सारखे हलले, तरच टांग्याला परवानगी द्यावी.