लढाई खिंडीत आणा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायच्या खेळातली लढाई रटाळ होते, कारण 'समोरचे सगळे मारा' यापलीकडे तिला हेतूच नसतो. कोल्हापूरकरांना पावनखिंड नव्याने सांगायला नको. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली ती शत्रू संपवायला नव्हे, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायला. तोच हेतू टेबलावर आणा: सहा फेऱ्या खिंड धरायची, मग तोफ वाजते.

तिसऱ्या लेव्हलची (पात्राच्या ताकदीची पायरी) पात्रं घेतलेले चार खेळाडू धरू. आलेख वहीवर एक चौकोन म्हणजे पाच फूट. खिंड दोन चौकोन रुंद, आठ लांब. पहिल्या फेरीत चार गॉब्लिन (छोटे, दुबळे राक्षस), तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत तीन-तीन. सगळे एकदम सोडू नका, खेळाडूंची टोळी आडवी होईल. एकटा मोठा राक्षसही नको: खेळाडूंच्या चार पाळ्यांमागे त्याची एकच, त्यामुळे बिचारा उभ्या उभ्या मरतो.

अरुंद जागेचा खरा धोका वेगळाच. पुढचे दोघे लढतात, मागचे दोघे मोबाइल काढतात. म्हणून चौथ्या फेरीत कड्यावर दोन तिरंदाज आणा. वर जायला एक चौकोन रुंद, चिखलाची पायवाट ठेवा, जिथे चालायला दुप्पट हालचाल खर्च होते. वाटेत ढकलता येईल असा धोंडा असू दे, स्ट्रेंग्थ चेक १३ (म्हणजे ताकदीसाठी फासा टाकून १३ किंवा जास्त आणायचे).

पाचव्या लेव्हलपासून जादूगाराला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, मिळतो. वीस फूट त्रिज्येत अख्खी तुकडी साफ होते, तेव्हा शत्रू विखरूनच आणा.