एडिटिंग न गमावता फोटोंची हार्ड डिस्क कशी बदलायची: वेंगुर्ल्याच्या एका फोटोवाल्याची पद्धत

पाऊस ओसरला की माझं एक काम ठरलेलं असतं. कपाटातल्या सगळ्या हार्ड डिस्क काढायच्या आणि एकेक जोडून बघायची. यंदा तिसरी डिस्क जोडली आणि आतून टक, टक, जरा थांबून पुन्हा टक असा आवाज आला. तिच्यावर ६१ हजार फोटो होते. लग्नं, मुंजी, नारळी पौर्णिमा आणि गेल्या बारा वर्षांतल्या दशावताराच्या रात्री. लग्नाचे फोटो त्या त्या घरात पोचलेले आहेत. दशावताराचे माझ्याशिवाय कुणाकडे नाहीत.

आमच्याकडे डिस्क म्हातारी व्हायच्या आधी गंजते. दुकान किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यात चार महिने दमट हवा. केबल खोचायच्या जागी हिरवट थर धरतो, जोडणी ढिली होते आणि कॉपी चालू असतानाच डिस्क गायब होते. म्हणून आधी केबल बदलून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. केबल बदलूनही टकटक चालूच राहिली तर मात्र ती डिस्क आता पाहुणी आहे असं समजा. माझी पाहुणीच निघाली.

डिस्क बदलताना मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय, ते आधी सांगतो. तेव्हाही फोटो नव्या डिस्कवर नीट आले होते. लाइटरूम, म्हणजे ज्यात मी फोटो एडिट करतो ते ॲडोबचं सॉफ्टवेअर, उघडलं तर फोल्डरांवर प्रश्नचिन्हं. घाबरून मी नवी डिस्क सरळ इम्पोर्ट केली, म्हणजे तिच्यावरचे फोटो नवे समजून लाइटरूममध्ये पुन्हा भरले. फोटो दिसायला लागले, जीव भांड्यात पडला. वर प्रश्नचिन्हवाले जुने फोल्डर अडगळीसारखे लोंबत होते, ते ‘रिमूव्ह’ करून टाकले. चार दिवसांनी दशावतारातले एक बुजुर्ग आले. स्त्रीपार्ट करायचे ते, बॅनरसाठी त्यांना रंगपटातला फोटो हवा होता. मी काढून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “ह्यो मी न्हय. माझ्या तोंडावरचो रंग खंय गेलो?”

खरं होतं. पिवळ्या दिव्याखाली ६४०० आयएसओवर काढलेला रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा फोटो होता तो, मळक्या पाण्यासारखा. व्हाइट बॅलन्स ओढून आणलेला, डोळ्यांवर ब्रश फिरवलेला, मागची पेटाऱ्याची कड काळोखात ढकललेली, असा माझा फोटो गेला होता. त्याच्यासोबत तीन हंगामांचं एडिटिंगही गेलं. आणि लाइटरूम बंद करताना दर आठवड्याला बॅकअप घेऊ का म्हणून विचारायचं, तेव्हा मी न चुकता ‘स्किप’ दाबत आलो होतो.

झालं काय, ते समजून घ्या. लाइटरूम क्लासिक तुमच्या रॉ फाइलला हात लावत नाही. फोटो म्हणजे जमीन आणि कॅटलॉग म्हणजे सातबारा. कुठल्या पत्त्यावर कुठली फाइल, तिच्यावर काय काय केलं, कुठल्या कलेक्शनमध्ये (लाइटरूममधल्या अल्बममध्ये) टाकली, ही सगळी नोंद ‘एलआरकॅट’ नावाच्या एका फाइलीत असते. तुम्ही फोटो हलवलेत तरी सातबाऱ्यावर जुनाच पत्ता राहतो, म्हणून प्रश्नचिन्ह. तिथे फक्त फेरफार करून घ्यायचा असतो. मी मात्र त्याच जमिनीचा नवा कोरा सातबारा काढला आणि जुना फाडून टाकला.

म्हणून पहिला नियम: हलवलेले फोटो पुन्हा इम्पोर्ट करायचे नाहीत आणि प्रश्नचिन्हाचा फोल्डर कधीही रिमूव्ह करायचा नाही. ‘सिंक्रोनाइझ फोल्डर’पासूनही सध्या लांबच राहा. त्यात ‘रिमूव्ह मिसिंग फोटोज’ म्हणून एक चौकट असते. तिथे बरोबरची खूण राहिली आणि तुम्ही ओके दाबलंत, तर माझी कथा तुमची होते.

आता यंदा काय केलं ते.

सुरुवातीला कॅटलॉग सुरक्षित केला. माझा कॅटलॉग लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर असतो, फोटो बाहेरच्या डिस्कवर. तुमचाही तसाच ठेवा, वेगही मिळतो. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये बॅकअप ‘पुढच्या वेळी बंद करताना’ असा लावला, लाइटरूम बंद केलं, आणि जी खिडकी आली तिच्यात ‘टेस्ट इंटिग्रिटी’वर खूण ठेवून बॅकअप घेतला. या बॅकअपमध्ये फोटो नसतात, फक्त कॅटलॉग असतो, तोही झिप करून. आणि जागा बदलली नाही तर तो मूळ कॅटलॉगच्या शेजारीच जाऊन बसतो. घराची दुसरी किल्ली त्याच घरात टांगल्यासारखं आहे ते, तेव्हा एक प्रत पेनड्राइव्हवर टाका. त्यानंतर कॅटलॉगचा अख्खा फोल्डरही कॉपी केला. त्यातली एकटी एलआरकॅट फाइल उचलून भागत नाही. २०२१ च्या ११ व्या आवृत्तीपासून तिच्या शेजारी ‘एलआरकॅट-डेटा’ नावाची जोडफाइल असते आणि मास्कचा, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरत्या केलेल्या एडिटिंगचा, मजकूर त्यात जातो. ती मागे राहिली तर डोळ्यांवरचा ब्रश गेलाच म्हणून समजा.

मग साक्षीदार निवडले. हे मला कुणी शिकवलं नाही, पडल्यावर सुचलं. ‘ऑल फोटोग्राफ्स’समोरचा आकडा कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिला. कलेक्शन किती, तेही लिहिलं. मग पाच फोटो निवडले: एक जुन्यात जुना, एक कालपरवाचा, एक भरपूर मास्क असलेला, एक जेपेग, आणि एक व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलीचं वेगळं एडिटिंग, जे फक्त कॅटलॉगमध्ये असतं). प्रत्येकाचे दोन-तीन आकडे टिपून ठेवले. रंगपटातला तो फोटो पुढे मी पहिल्यापासून पुन्हा एडिट केला होता, त्याच्यापुढे लिहिलं: टेम्परेचर २९००, एक्स्पोजर अधिक ०.६५, तीन मास्क. स्थलांतरानंतर “सगळं नीट दिसतंय” असं मनाचं समाधान करून घ्यायचं नाही, या पाच जणांची जबानी घ्यायची.

एक्सएमपीचं आता सांगतो, कारण यात लोक दोन्ही टोकं गाठतात. ग्रिडमध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं की एडिटिंगची नोंद फोटोशेजारच्या एका छोट्या एक्सएमपी फाइलीतही लिहिली जाते. जेपेग आणि डीएनजी (रॉचाच एक प्रकार) असतील तर ती त्यांच्या पोटातच जाते. कॅटलॉग उद्या मेला तरी स्लायडरचे आकडे यातून परत मिळतात. पण कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि पायरीपायरीची हिस्टरी एक्सएमपीत जात नाही. माझे कृष्णधवल फोटो सगळे व्हर्च्युअल कॉपीच आहेत. तेव्हा एक्सएमपी म्हणजे छत्री. ती असावी, पण तिला कुणी घर म्हणू नये. तुमची जुनी डिस्क धडधाकट असेल तर हे काम कॉपीच्या आधी करा. माझ्यासारखी टकटकणारी असेल तर आजाऱ्याला लिहायला बसवू नका. आधी फोटो उतरवून घ्या, एक्सएमपी नव्या डिस्कवर लिहा. अशा डिस्कवर दुरुस्तीचे स्कॅनसुद्धा चालवू नका. तिच्यात जेवढा दम उरलाय तो कॉपीसाठी राखा आणि जे दुसरीकडे कुठेच नाही ते सगळ्यात आधी काढा. मी दशावतार आधी घेतला, लग्नं मागून.

नवी डिस्क ४ टीबीची आणली. विंडोज तिला ३.६३ दाखवतं. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, हजाराने मोजणं आणि १०२४ ने मोजणं एवढाच तो फरक आहे. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट हा फॉरमॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो, पण मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर तो जास्त लवकर बिघडतो. आणि आमच्याकडे वीज मध्येच जाते हे काय सांगायला हवं! २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं तेव्हा कितीतरी दिवस आम्ही मेणबत्तीवर होतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज, इन्व्हर्टर भरलेला, आणि आकाश स्वच्छ असलेली रात्र, असा मुहूर्त बघा. ढग गडगडत असतील तर कॉपी दुसऱ्या दिवशी. लॅपटॉप झोपू नये म्हणून स्लीप बंद करून ठेवा.

कॉपी करताना लाइटरूम बंद. आणि कॉपी म्हणजे कॉपीच, कट-पेस्ट नाही. लाइटरूमच्या आतून फोल्डर ओढून हलवता येतो, त्याने पत्ताही आपोआप बदलतो. पण ते ‘हलवणं’ आहे. निम्म्यावर लाइट गेली तर निम्मा संसार इकडे, निम्मा तिकडे. पाच-पन्नास फोटोंना ठीक, ६१ हजारांना नाही. मी टेराकॉपी नावाचं कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात ‘व्हेरिफाय’ चालू ठेवलं की कॉपी झालेली प्रत्येक फाइल परत वाचून मूळ फाइलीशी ताडून बघितली जाते. दुप्पट वेळ लागतो, लागू दे.

वेळेचा हिशेब असा: माझा डेटा १.४ टीबी. यूएसबी ३ वर साध्या फिरत्या डिस्कला सेकंदाला १०० एमबी धरले तर चार तासांच्या आसपास. यूएसबी २ च्या भोकात खोचलीत तर त्याच्या तिप्पट, म्हणून निळं भोक बघून खोचा. शिवाय खिशात मावणाऱ्या बऱ्याच डिस्क सलग मोठं लिखाण करताना मध्येच दमतात आणि वेग पार खाली येतो. तेव्हा बिघडलं म्हणून उपटू नका. माझं काम रात्री नऊला सुरू झालं आणि उजाडल्यावर संपलं. पहिल्या गजरापासून भैरवीपर्यंत अख्खं नाटक झालं असतं तेवढ्यात.

सकाळी दोन्ही डिस्कवरच्या मुख्य फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींचा आकडा आणि बाइट्स जुळवले. जुळले.

आता फेरफार. विंडोजवर सगळ्यात सोपा मार्ग ड्राइव्हच्या अक्षराचा. माझी जुनी डिस्क ‘पी’ होती. ती सेफली रिमूव्ह करून काढून ठेवली. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, नव्या डिस्कवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, आणि तिलाही ‘पी’ दिलं. आतली फोल्डरांची रचना तंतोतंत तीच असेल तर लाइटरूमला पत्ता बदलल्याचं कळतही नाही. एकही प्रश्नचिन्ह येत नाही. अक्षर मुद्दाम इंग्रजी वर्णमालेत बरंच पुढचं घ्यावं, कारण डी आणि ई ही अक्षरं कुठलाही पेनड्राइव्ह येऊन बळकावतो. मॅकवर हाच डाव नावाने चालतो: जुनी काढून नवीला जुनीचंच नाव द्यायचं.

अक्षर बदलता येत नसेल, किंवा फोल्डर दुसऱ्या फोल्डरात टाकला असेल, तर लाइटरूममधूनच सांगावं लागतं. लायब्ररीत डावीकडे फोल्डरांची यादी. सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक. प्रश्नचिन्ह असेल तर ‘फाइंड मिसिंग फोल्डर’, जुनी डिस्क अजून जोडलेली असेल तर ‘अपडेट फोल्डर लोकेशन’. नव्या डिस्कवरचा तोच फोल्डर दाखवा, खालचे सगळे आपोआप मागे येतात. यादीत ‘२०१६’, ‘२०१७’ असे सुटेसुटे फोल्डर दिसत असतील तर एकावर राइट क्लिक करून आधी ‘शो पॅरेंट फोल्डर’ करा, म्हणजे एकाच छत्राखाली सगळे येतील आणि फेरफार एकदाच करावा लागेल. एखाददुसरा फोटो तरीही हरवलेला राहिला तर त्याच्या कोपऱ्यातल्या उद्गारचिन्हावर क्लिक करून ‘लोकेट’.

कॅटलॉगही जुन्याच डिस्कवर होता? मग त्याचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर आणा आणि तिथल्या एलआरकॅटवर डबल क्लिक करून उघडा. जुन्या कॅटलॉगच्या फोल्डरचं नाव ‘उघडू नको’ असं करून टाका. एक दिवस याच्यात, एक दिवस त्याच्यात काम करत बसलात तर पुढे ते जुळवणं कर्मकठीण.

मॅकवरचं फोटोज ॲप वापरणाऱ्यांचं काम याहून थोडकं. त्यात लायब्ररी एकच गाठोडं असते. ॲप बंद करून ते अख्खं गाठोडं नव्या डिस्कवर कॉपी करायचं, मग ऑप्शन कळ दाबून धरत ॲप उघडायचं आणि नवी लायब्ररी निवडायची. डिस्क मॅकच्या फॉरमॅटमध्ये, शक्यतो एपीएफएसमध्ये हवी, आणि गाठोडं सोडून आतलं काही हलवायचं नाही.

शेवटी साक्षीदार. इथे एक चकवा आहे. लायब्ररीत फोटो रंगीत, सुंदर दिसला म्हणजे तो सापडला असं नाही. लाइटरूम प्रीव्ह्यू साठवून ठेवतं, मूळ फाइल नसतानाही ते दाखवतं. म्हणून पाचही फोटो डेव्हलप या एडिटिंगच्या भागात उघडले, आकडे कालनिर्णयशी ताडले आणि प्रत्येकाचा एक जेपेग एक्सपोर्ट केला. स्मार्ट प्रीव्ह्यू (मूळ फाइलीऐवजी चालणारी छोटी प्रत) बनवले नसतील तर एक्सपोर्टला मूळ फाइल लागते, तिथे थाप चालत नाही. टेम्परेचर २९००. अधिक ०.६५. मास्क मोजले, तीन. मग लायब्ररी मेनूतलं ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ चालवलं. शून्य. त्यानंतरच नव्या डिस्कवर एक्सएमपी लिहायला लावले आणि चहा ठेवला.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. माझी सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत झिपच्या पिशवीत घालून सावंतवाडीला बहिणीकडे ठेवली आहे. तिथे खारं वारं पोचत नाही. तांदळाच्या डब्यात ठेव असं सांगणारे भेटतात, पण तांदळाचं पीठ त्या भोकात जाऊन बसतं. शिवाय मरू घातलेली डिस्क हा काही बॅकअप नव्हे, म्हणून नव्या डिस्कची दुसरी प्रत काढायला अजून एक डिस्क मागवली आहे. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात, त्याच्या आत ती यायला हवी.